तो म्हणाला की मी…

इंग्रजी व्याकरणाचे नाव काढताच ज्यांना आजही परीक्षेच्या बाकावर बसल्यासारखे वाटते, अशांची संख्या आपल्यात थोडी नसावी. त्या परीक्षेत एक प्रश्न हमखास असे. अवतरणचिन्हांत घातलेली चारसहा वाक्ये द्यावयाची आणि वर हुकूम सोडावयाचा, की यांचे अप्रत्यक्ष कथनात रूपांतर करा. विद्यार्थी मग पाढे म्हणावेत तसे घोकत: 'नाऊ'चे 'देन', 'टुडे'चे 'दॅट डे', 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे', 'इज'चे 'वॉज', 'विल'चे 'वुड'. घोकंपट्टी नीट झाली असेल तर पैकीच्या पैकी गुण मिळत. पुढे मात्र कोणाचा साधा निरोप कोणास इंग्रजीत सांगण्याचा प्रसंग आला, की हा पाढा जिभेवर येत नसे आणि आला तरी उपयोगी पडत नसे.

माझ्या उमेदीची बरीच वर्षे हैदराबादेत इंग्रजी शिकविण्यात गेली. तेव्हा या विषयावर मी अधिकाराने बोलावे अशी आपली अपेक्षा असेल. पण मला या विषयाचे खरे महत्त्व कळले ते शिकविताना नव्हे, चुकताना कळले. आणि ती चूक एका सर्वनामाची होती.

नोकरीचे माझे दुसरे वर्ष होते. शाळेस जोडून वसतिगृह होते आणि त्यात नांदेडकडची काही मुले राहत असत. मनमाडहून काचीगुड्याला येणारी गाडी त्या वेळी मीटर गेजची होती. रात्री नांदेडला बसावे आणि सकाळी डोळे चोळीत हैदराबादेत उतरावे असा तो प्रवास. रजेचा अर्ज इंग्रजीतच असला पाहिजे असा शाळेचा दंडक होता आणि तो प्रथम वर्गशिक्षकाकडे, म्हणजे माझ्याकडे येई. एके दिवशी नववीतल्या एका अबोल मुलाचा अर्ज आला. त्यात लिहिले होते, 'माय फादर हॅज रिटन दॅट आय ॲम व्हेरी इल अँड कम सून.' खाली चार दिवसांची रजा मागितली होती.

मी तो अर्ज वाचला आणि मला हसू आले. मुलगा तर सकाळीच माझ्यासमोर पहिल्या बाकावर धडधाकट बसलेला होता. वडिलांनी नांदेडाहून लिहावे की तू फार आजारी आहेस, आणि मुलाने ते खरे मानून रजा मागावी, ही कल्पनाच मला विनोदी वाटली. मी तांबड्या शाईने 'आय ॲम' या शब्दांखाली रेघ ओढली, 'तू मला चांगला ठणठणीत दिसतोस' असा इंग्रजी शेरा मारला आणि अर्ज परत पाठविला. मधल्या सुट्टीत तो शेरा दोघा सहकाऱ्यांस वाचूनही दाखविला. मुलगा भिडस्त होता. तो विचारावयास आला नाही.

तिसऱ्या दिवशी तार आली. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की आजारी वडील होते. त्यांनी पत्रात मराठीत लिहिले होते, 'मी फार आजारी आहे, लवकर ये.' मुलाने ते जसेच्या तसे इंग्रजीत उतरविले होते. तो घरी पोचला तेव्हा वडिलांची वाचा गेलेली होती. आणखी दोन दिवसांनी ते वारले. परत आल्यावर मुलगा मला याविषयी एक अक्षरही बोलला नाही. मीही बोललो नाही. ते धैर्य मला झाले नाही.

मला तेव्हापासून आजवर एका गोष्टीचे नवल वाटते. मी स्वतः मराठी बोलणारा. 'बाबांनी लिहिले आहे की मी आजारी आहे' हे वाक्य मराठीत माझ्या कानी पडते, तर आजारी कोण, हा प्रश्नसुद्धा माझ्या मनात उठला नसता. तेच वाक्य इंग्रजी वेषात आले आणि मी ते इंग्रजाच्या कानांनी ऐकले. म्हणजे मुलाने मराठी पद्धतीने लिहिले, मी इंग्रजी पद्धतीने वाचले, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर होतो.

मग बिघडले कोठे? याचे उत्तर असे, की मराठी माणूस दुसऱ्याचे बोलणे सांगताना आपला 'मी' त्याला उसना देतो. 'तो म्हणाला की मी उद्या येतो' असे आपण म्हणतो तेव्हा तेवढ्यापुरते आपण तोच होतो. कीर्तनकार जसा क्षणात विठोबा होतो आणि क्षणात जनाबाई, तसे. आपल्या भाषेला या सोंगाची सवय फार जुनी आहे. तेराव्या शतकातले म्हाइंभटांचे लीळाचरित्र उघडून पाहावे. कोण म्हणाले एवढे सांगून झाले, की पुढे त्या व्यक्तीचे शब्द तिच्याच तोंडून आल्यासारखे सरळ येतात. संस्कृतात वाक्याच्या शेवटी 'इति' लावला की काम भागते. आपण 'असे' किंवा 'म्हणून' लावतो. या 'की'विषयी अभ्यासक सांगतात, की तो फार्सीच्या सहवासाने आपल्याकडे रुळला. पण 'की' आला तरी त्याच्या पलीकडचा 'मी' काही बदलला नाही.

इंग्रजीला हे सोंग अप्रत्यक्ष कथनात मान्य नाही. तिथे 'आय' हा जो या क्षणी बोलतो आहे किंवा लिहितो आहे त्याच्याच मालकीचा. तो कोणास उसना मिळत नाही. अवतरणचिन्हे घातलीत तर गोष्ट वेगळी. पण 'दॅट' लिहिलात, की तुम्ही तुमच्या जागी उभे राहिले पाहिजे आणि तेथून दुसऱ्याकडे बोट दाखवून 'ही' किंवा 'शी' म्हटले पाहिजे. त्या मुलाने 'ही इज व्हेरी इल' एवढे लिहिले असते तर तो त्याच रात्री गाडीत बसला असता.

हैदराबादेत हा घोळ जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कोठे दिसत असेल, आणि त्याचे कारण या शहराच्या स्वभावातच आहे. एका वर्गात मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. माझी समजूत होती, की चार भाषांची मुले चार प्रकारच्या चुका करतील. प्रत्यक्षात या प्रकरणात सगळ्यांची चूक एकच निघाली. तेलुगू मुलगा घरी म्हणतो, 'नेनु वस्तानु अनि अन्नाडु'. म्हणजे 'मी येतो असे तो म्हणाला.' त्यांचा 'अनि' म्हणजे आपला 'असे' किंवा 'म्हणून'. कानडी मुलगा 'नानु बरुत्तेने अंत हेळिद' म्हणतो. तेथे ते काम 'अंत' करतो. आणि चारमिनारच्या आसपासची दख्खनी तर ऐकण्यासारखी आहे. 'मैं आतूँ बोलके बोला!' दिल्लीच्या उर्दूला हे 'बोलके' ठाऊक नाही. ते दख्खनच्या मातीत, तेलुगू-मराठीच्या शेजाराने उगवले. चार भाषा, त्यांतल्या दोन एका कुळातल्या आणि दोन दुसऱ्या. पण 'मी' उसना देण्याच्या बाबतीत चौघींचे एकमत. बिचारी इंग्रजी तेवढी एकटी पडते.

मराठीत मात्र आपल्याला एक आधार आहे, आणि तो क्रियापदाच्या प्रत्ययात लपलेला आहे. एखादा पुरुष सांगत असेल, 'ती म्हणाली की मी चुकले', तर 'चुकले' या रूपावरूनच कळते, की चूक तिची. 'चुकलो' म्हटले तर मात्र ती सांगणाऱ्याच्याच पदरात पडली. लिंगभेद असला की आपली सुटका होते. बाप आणि मुलगा, किंवा आई आणि मुलगी असली, की तीही वाट बंद. इंग्रजीच्या 'आय'ला तर पुरुष-स्त्री हा भेदच नाही. तेव्हा इंग्रजीने ही जागा सर्वनामानेच बंद करून टाकली यात तिचा तरी काय दोष?

आता आपण म्हणाल, की मराठीत अप्रत्यक्ष कथन मुळी नाहीच की काय? आहे, आणि गंमत अशी, की आपण सर्वजण ते रोज सकाळी चहाबरोबर वाचतो. वर्तमानपत्रातली बातमी आठवा. 'आपण निवडणूक लढविणार नसल्याचे त्यांनी पत्रकारांना सांगितले.' पुढारी प्रत्यक्षात काय म्हणाला? 'मी निवडणूक लढविणार नाही' असे म्हणाला. बातमीदाराने 'मी' काढून तेथे 'आपण' ठेवला, आणि 'नाही' या धडधडीत क्रियापदाचे 'नसल्याचे' केले. कोणाचा 'मी' कोणास उसना दिला नाही. बातमीदार आपल्या खुर्चीत बसून राहिला. हेच अप्रत्यक्ष कथन. घरी बोलताना आपण असे बोलत नाही. 'आईने आपण देवळात गेली असल्याचे सांगितले' असे कोणी मुलगा म्हणाला तर त्याला ताप आला आहे की काय असे वाटावयाचे. पण ही रचना आपल्या भाषेत आहे, तिचा सराव वाचणाऱ्या प्रत्येकाला आहे, आणि मराठी मुलाला इंग्रजीत न्यावयाचे तर पूल म्हणून ती अगदी सोयीची आहे. 'वडील लिहितात की मी आजारी आहे' येथून एकदम इंग्रजीत उडी मारली की पाय घसरतो. 'वडिलांनी आपण आजारी असल्याचे लिहिले आहे' या पायरीवर थांबून पुढे गेले, की 'आय' लिहिण्याचा मोह होत नाही. इतकी साधी गोष्ट मला त्या मुलाला आधी शिकविता आली असती. ती कोणत्याही पुस्तकात नव्हती हे खरे. पण ती माझ्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात होती.

पुस्तकांविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकून घेतले. त्यानंतर पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांचे व्याकरण १९३० नंतरच्या दशकात निघाले आणि त्याने साऱ्या देशातील शाळा व्यापल्या. रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीस होते आणि साहसकथाही लिहीत. 'बो जेस्ट' ही त्यांची कादंबरी जगभर गाजली. त्या व्याकरणाची टवाळी करण्याची आता पद्धत पडली आहे; मला ती कृतघ्नपणाची वाटते. तथापि अप्रत्यक्ष कथनाचे जे रूपांतर-शास्त्र आपण मुलांच्या माथी मारतो, त्याचे मूळ युरोपातल्या लॅटिन पाठशाळांत आहे. सीझरने गॉलच्या युद्धाची हकिगत लिहिताना लांबलांब भाषणे अप्रत्यक्ष कथनात घातली, आणि ती सरळ करून दाखविणे हा तिकडच्या मुलांचा शतकानुशतके गृहपाठ झाला. तोच गृहपाठ इंग्रजीमार्फत आपल्या दारी आला. म्हणून तर 'हुर्रे!' याचे 'त्याने आनंदाने उद्गार काढले' आणि 'अरेरे!' याचे 'त्याने दुःखाने उद्गार काढले' असे करण्याची ती विलक्षण कसरत. जिवंत माणूस असे कधी बोलतो काय?

हैदराबाद संस्थानात या लॅटिन वारशाला आणखी एक पदर होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे. इंग्रजी तेथे सक्तीचा विषय होता, पण ज्ञानाची भाषा उर्दू. मराठवाड्यातून येणाऱ्या मुलाची घरची भाषा मराठी, कचेरीची आणि वर्गाची उर्दू, बाजारातली दख्खनी. इंग्रजी त्याच्याकडे चौथ्या हाताने येई. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले आणि त्यानंतर विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले. काल जी भाषा एका प्रश्नपत्रिकेपुरती होती, तिच्यात आता इतिहास लिहावयाचा, रसायन लिहावयाचे, आणि नोकरीसाठी अर्जही लिहावयाचा. १९५६ च्या नोव्हेंबरात भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तरी नांदेड-परभणीची मुले हैदराबादेस येतच राहिली. नाती आणि रेल्वेचे रूळ आयोगाच्या अहवालाने तुटत नाहीत.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ साली, याच शहरात केंद्र सरकारने इंग्रजीच्या शिक्षकांना शिक्षण देणारी संस्था काढली: सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश. पुढे तीत परकीय भाषा आल्या आणि 'सीफेल' हे नाव रूढ झाले. आज ते इंग्रजी व परकीय भाषांचे केंद्रीय विद्यापीठ आहे. विनायक कृष्ण गोकाक तिचे संचालक होते. कन्नडचे हे मोठे कवी फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत होते आणि सांगलीचे विलिंग्डन व कोल्हापूरचे राजाराम या महाविद्यालयांचे प्राचार्यही होते, तेव्हा मराठी वाचकांना ते परके नाहीत. वाक्यरचनेचे नमुने प्रत्यक्ष प्रसंगातून मुलांच्या कानी घालावेत, नियम मागाहून सांगावा, या पद्धतीचा त्या काळी देशभर बोलबाला होता. पद्धती येतात आणि जातात. पण 'प्रसंगातून' हा शब्द मला फार उपयोगी पडला. अप्रत्यक्ष कथन प्रसंगावाचून शिकविणे म्हणजे पोहणे फळ्यावर शिकविणे आहे.

सर्वनामाचा अडथळा ओलांडला, की मुलापुढे काळाचा अडथळा येतो, आणि तेथे चूक नुसती व्याकरणाची राहत नाही. मुलाला आपण खोटे बोलतो आहोत असे वाटू लागते. मी एकदा फळ्यावर लिहिले, 'माय नेम इज गोविंद.' त्याचे रूपांतर केले, 'ही सेड दॅट हिज नेम वॉज गोविंद.' मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'सर, मग आता याचे नाव काय?' सारा वर्ग हसला. मी त्याला नियम सांगून गप्प बसविले. पण प्रश्न विचारणारा हुशार होता. त्याची मराठी त्याला खरे तेच सांगत होती. 'तो म्हणाला की पाऊस पडतो आहे' आणि 'तो म्हणाला की पाऊस पडत होता' ही मराठीत दोन निराळी वाक्ये आहेत. पहिल्यात तो बोलत असताना बाहेर पाऊस चालू आहे. दुसऱ्यात पाऊस त्याच्या बोलण्याआधीच पडून गेला. पहिल्या अर्थासाठी इंग्रजी 'वॉज' वापरते. तेव्हा हा 'वॉज' म्हणजे गोविंदाच्या नावाचा भूतकाळ नव्हे, 'सेड'चा भूतकाळ आहे. सांगणारा आजच्या जागेवरून कालच्या बोलण्याकडे मागे वळून पाहतो, आणि जे जे दिसते त्याच्यावर त्या मागच्या वेळेची सावली पडते. सर्वनामाच्या बाबतीत जे तत्त्व होते तेच येथे: आपली जागा सोडावयाची नाही.

पण मग पृथ्वी? पाठ्यपुस्तके सांगतात, की त्रिकालाबाधित सत्य असेल तर वर्तमानकाळ तसाच ठेवावा. 'शिक्षकांनी सांगितले की पृथ्वी सूर्याभोवती फिरते.' नियम बरोबर आहे, पण त्याचे कारण सांगितले जात नाही. 'इज' ठेवला की सांगणारा त्या विधानाच्या मागे स्वतः उभा राहतो. 'वॉज' केला की ते विधान ज्याचे त्याच्यापाशी राहते. 'मंत्र्यांनी सांगितले की धरण सुरक्षित आहे.' याच्या इंग्रजी बातमीत 'इज' लिहिला तर बातमीदारही काहीसा हमी देतो. 'वॉज' लिहिला तर बोलणे मंत्र्यांचे, जबाबदारी मंत्र्यांची. एका अक्षराच्या फरकात केवढा मुत्सद्दीपणा आहे पाहा! न्यायालयाच्या कामात, सभेच्या इतिवृत्तात, सरकारी टिपणात हा फरक जाणणाऱ्या कारकुनाला मान का मिळतो हे यावरून कळेल.

आणि 'हॅड'चा अतिरेक तर सांगावयासच नको. चारमिनारपाशी एखादा वाटाड्या प्रवाशांना सांगतो, 'चारमिनार १५९१ साली बांधला. तो जुन्या शहराच्या मध्यभागी उभा आहे.' परीक्षार्थी मुलगा पहिल्या वाक्यात 'हॅड बीन बिल्ट' आणि दुसऱ्यात 'स्टुड' घालून मोकळा होतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की चारमिनार पडला की काय! सालाचा स्पष्ट उल्लेख असला की साधा भूतकाळ पुरे होतो. आणि मिनार अजून उभा असल्यामुळे 'स्टँड्स' म्हणण्यास कोणाची हरकत नाही.

प्रश्नार्थक वाक्यांची कथा थोडक्यात सांगतो. 'कोठे चाललास असे त्याने मला विचारले' यात मराठी मूळ प्रश्न अखंड ठेवते, म्हणून आमची मुले 'ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग' लिहितात. इंग्रजीत प्रश्न पोटात गेला की त्याची उलटापालट सरळ होते: 'व्हेअर आय वॉज गोइंग.' 'का' या अव्ययाने विचारलेल्या प्रश्नांना 'इफ' किंवा 'व्हेदर' लागते. 'टेल'ला ऐकणारा लागतोच. 'से'चे त्याच्यावाचून भागते. एवढे चार दिवसांच्या सरावाने येते. त्यासाठी मुलांना रडविण्याचे कारण नाही.

'येथे', 'आज', 'उद्या' यांच्या पाढ्याने मात्र मोठे नुकसान केले आहे. काचीगुडा स्थानकावरून मित्र दूरध्वनी करतो, 'मी येथे पोचलो, उद्या तुझ्याकडे येतो.' हा निरोप मी घरातल्यांना आजच सांगणार असेन तर 'उद्या' हा उद्याच आहे; त्याचा 'दुसरा दिवस' करण्याचे प्रयोजन काय? आठवड्याने सांगेन तेव्हा करीन. मी स्वतः स्थानकावर उभा असेन तर 'येथे' हे 'येथे'च राहील. आणि तो माझ्याच घरी येणार असल्याने 'कम'चे 'गो' करण्याची जरुरी नाही. पाढ्याला घर नाही, घड्याळ नाही, म्हणून तो असले प्रश्न विचारूच शकत नाही. सांगणारा कोठे उभा आहे, केव्हा सांगतो आहे आणि कोणास, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पाढा लागत नाही.

त्या अर्जानंतरच्या वर्षी मी फळ्यावरची रूपांतरे जवळजवळ सोडून दिली आणि वर्गात निरोप्यांचा खेळ सुरू केला. तीन मुले घ्यावयाची. एकाने दुसऱ्याच्या कानात आपल्या भाषेत, मग ती तेलुगू असो वा मराठी, एखादा निरोप सांगावयाचा. दुसऱ्याने तो तिसऱ्यास इंग्रजीत पोचवावयाचा. आणि तिसऱ्याने निरोपाप्रमाणे वागून दाखवावयाचे. निरोप चुकला की तो लगेच दिसे. 'माझे पुस्तक दे' असा निरोप असे आणि तिसरा मुलगा निरोप्याचेच पुस्तक उचलून नेई. त्या झटापटीत मुलांना 'माय' आणि 'हिज' यांचा भेद असा पक्का कळला, की पुढे सांगावा लागला नाही. रजेच्या अर्जांच्या बाबतीत मी एक नेम स्वतःपुरता केला: अर्जावर काही लिहिण्यापूर्वी मुलाला बोलावून त्याच्याच भाषेत विचारावयाचे, 'कोण आजारी आहे रे?' नांदेडचा तो मुलगा मॅट्रिक होऊन गेला तोवर मी त्याला दोन वर्षे शिकविले. निरोप्यांच्या खेळात तो कधी भाग घेत नसे, आणि मीही त्याला कधी उठविले नाही.

एकदा मधल्या सुट्टीच्या जरा आधी हा खेळ चालू होता. एका तेलुगू मुलाने शेजाऱ्याच्या कानात सांगितले, की मला भूक लागली आहे. शेजारी उठला आणि म्हणाला, 'ही सेड दॅट ही इज हंग्री.' लगेच पुढच्या बाकावरच्या एका दक्ष मुलीने हात वर केला. 'सर, वॉज हवे!' वर्गात दोन तट पडले. मी त्या मूळ बोलणाऱ्याकडे वळलो आणि विचारले, 'काय रे, अजून आहे का भूक?' तो म्हणाला, 'मघापेक्षा जास्त आहे, सर.' तेव्हा 'इज' चालेल असा मी निवाडा दिला. मुलगी म्हणाली, की पुस्तकात तसे नाही. आणि तेवढ्यात घंटा झाली.